जालन्याच्या घरांत वाजलेलें एक जपानी संगीत

एखाद्या गांवाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य सहसा डोळ्यांवर भिस्त ठेवतो, कानांवर ठेवीत नाहीं. आमच्या जालन्याचाच दाखला घ्या. निजामाच्या राजवटींतील बाजारपेठ, कुंडलिकेच्या दोन तीरांवर वसलेलें जुनें व नवें जालना, ‘जालना सोने का पालना’ ही लोकांच्या तोंडीं बसलेली म्हण, १९६४ सालीं येथें सुरू झालेला बियाण्यांचा उद्योग, भंगार वितळवून सळया काढणारे लोखंडाचे कारखाने, १ मे १९८१ रोजीं मिळालेला जिल्ह्याचा दर्जा, हें सारें कोणी ना कोणी लिहून ठेविलें आहे. परंतु या गांवांतील माणसांच्या कानांवर त्या त्या काळीं काय पडत होतें, हें नमूद करण्याजोगें कोणाला वाटलेलें दिसत नाहीं. आम्हांलाहि वाटलें नव्हतें. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगानें ही समजूत डळमळीत केली, आणि त्याचा परिणाम म्हणजे प्रस्तुत लेख होय.

लेखाचा विषय ऐकून कित्येक वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. विषय आहे तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मुलें जे खेळ खेळत, त्या खेळांतील संगीताचा. १९९१ नंतर आयातीचीं बंधनें सैल झालीं, आणि त्या दशकांत मराठवाड्यांतील लहानसहान गांवींहि एक प्लॅस्टिकची पेटी दुकानांत दिसूं लागली. लोक तिला ‘टी.व्ही. गेम’ किंवा नुसतें ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. तिच्या पाठीवरील खांचेंत एक पिवळी ‘कॅसेट’ खोंचावयाची. वास्तविक ती फीत नव्हेच. परंतु गाण्याच्या कॅसेटी घरोघर असल्यामुळें तेंच नांव हिलाहि चिकटलें. चालेनाशी झाली कीं मुलें तिच्या तोंडांत फुंकर मारीत आणि ती चालूं लागे. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असें छापलेलें असे. आंत खरे खेळ मोजकेच, आणि बाकीचे तेच खेळ निराळ्या नांवांनीं पुनः पुनः मांडलेले. ही लबाडी मुलांना पहिल्याच दिवशीं कळे, आणि तिचें त्यांना कांहीं वाटत नसे.

आमच्या घरीं ही पेटी १९९६ सालीं आली, ती थोरल्या बंधूंच्या मुलासाठीं. आम्ही तेव्हां महाविद्यालयांत नुकतेच शिकवूं लागलों होतों, आणि नव्या अध्यापकाला साजेसा आमचा सर्व करमणुकींवर रोष होता. जुन्या जालन्यांतील आमच्या घरीं माजघर व स्वयंपाकघर यांच्यामध्यें एकच भिंत. माजघरांत पुतण्या खेळे, आणि भिंतीपलीकडे आमच्या मातोश्री भाकरी थापीत. त्यांनीं तो पडदा कधीं धड पाहिला नाहीं. परंतु संगीत मात्र रोज दोन-दोन तास ऐकलें. त्या खेळांत ठरलेली वेळ संपत आली कीं तीच चाल एकाएकीं द्रुत लयींत वाजूं लागते. मातोश्रींनीं ही खूण कधींच ओळखिली होती. चाल धांवूं लागली कीं त्या आंतून म्हणत, “झालं रे याचं, पान घ्या.” आमच्या घरांतील घड्याळ कित्येक वर्षें पांच मिनिटें मागें असे, हें घड्याळ मात्र कधीं चुकलें नाहीं.

आतां या संगीताची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नांवाचा खेळ रचला. त्यांत अवघे चार उतरते खर्ज स्वर एकसारखे वाजत राहतात, आणि शत्रु जसजसे कमी होत जातात तसतशी त्यांची गति वाढत जाते. संगीत म्हणावें इतकें तें नाहीं. पण खेळाच्या लयीशीं मनुष्याच्या छातीची धडधड बांधण्याची युक्ति तेथें प्रथम सांपडली. पुढें १५ जुलै १९८३ रोजीं क्योतो येथील निन्तेंदो या कंपनीनें ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें घरगुती यंत्र बाजारांत आणिलें. ही कंपनी १८८९ मध्यें निघाली ती हातांनीं बनविलेले फुलांच्या चित्रांचे पत्ते विकण्यासाठीं. आमच्या सावंतवाडीच्या गंजिफा रंगविणाऱ्या चिताऱ्यांपैकीं कोणी शंभर वर्षांनीं जगाला खेळ पुरवूं लागावें, तसाच हा प्रकार. हें यंत्र व त्याची परदेशीं गेलेली आवृत्ति मिळून ६ कोटी १९ लाख खपलीं. नकलांची मोजदाद यांत नाहीं, आणि जालन्यास जें आलें तें नक्कलच होती.

या यंत्राच्या ध्वनिविभागांत एकंदर पांच आवाज आहेत. पहिले दोन चौकोनी लाटेचे: लाट हळूंहळूं चढत-उतरत नाहीं, एकदम चढते, कांहीं काळ तशीच राहते व एकदम उतरते. एका आवर्तनाचा किती भाग ती वर राहते यावर आवाजाचा पोत ठरतो. निम्मा भाग राहिल्यास आवाज पोकळ व भरदार येतो. अष्टमांश राहिल्यास बारीक आणि नाकांतला, पुंगीची आठवण देणारा. तिसरा आवाज त्रिकोणी लाटेचा, बहुधा खर्जाच्या कामाचा; त्याला लहानमोठा करण्याची सोयच नाहीं, एक तर तो वाजतो किंवा गप्प असतो. चौथा म्हणजे केवळ खरखर, केंद्र न लागलेल्या रेडिओची असते तशी. तिचेच लहान लहान तुकडे पाडून ताल धरावयाचा. पांचवा ध्वनिमुद्रित तुकडे वाजवूं शकतो, परंतु त्याला जागा इतकी लागते कीं पुष्कळ रचनाकार त्याच्या वाटेस गेले नाहींत. आणि जागा तरी किती? ज्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळाविषयीं आम्ही मुख्यतः लिहीत आहों, तो चित्रें, नियम व संगीत सर्व मिळून ४० किलोबाइटांत मावतो. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कित्येक पट जागा लागते.

एवढ्यावर भागत नाहीं. खेळांतले इतर आवाजहि याच पांचांतून काढावयाचे असतात. मारिओनें उडी मारली कीं त्या उडीचा आवाज दोन चौकोनी आवाजांपैकीं एकाला बाजूस सारून त्याची जागा घेतो. जणूं बैठक चालू असतां एक गवई क्षणभर उठतो, दाराशीं कोण आलें तें पाहतो, आणि परत येऊन बसतो. दुसऱ्यानें तेवढा वेळ गाणें सांभाळावयाचें. ज्यांना ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा इतिहास ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटूं नये. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मिळत, आणि अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या थोर गायकांनीं तेवढ्यांत राग उभा करून दाखविला. तेथें जागा थोडी म्हणून काय ठेवावें व काय टाकावें याचा विवेक कलावंताला अधिक कठोरपणें करावा लागला. येथेंहि तेंच झालें.

हा विवेक ज्यानें विशेष दाखविला त्याचें नांव कोजी कोंदो. जन्म नागोया येथें १९६१ चा. ओसाका कला विद्यापीठांत शिक्षण. १९८४ मध्यें तो निन्तेंदोंत लागला, आणि १३ सप्टेंबर १९८५ रोजीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बाहेर पडला तेव्हां तो २४ वर्षांचा होता. खेळाच्या मुख्य भागासाठीं त्यानें आधीं केलेली चाल त्यानें स्वतःच टाकून दिली, कारण ती मारिओच्या धांवण्या-उडण्याशीं जुळेना. मग त्यानें पडद्यावरील हालचालीचा ठेका ओळखून त्यावर चाल बसविली. आधीं पाय, मग गाणें! आमच्या तमाशांतील ढोलकीवाल्यालाहि हें तत्त्व कोणी पुस्तकांतून शिकविलें नाहीं. जमिनीखालच्या भुयारांत त्यानें सुरावट जवळजवळ काढूनच घेतली आहे; मधें मधें शांतता, आणि पुनः तेच आंखूड तुकडे. पाण्यांतील भागासाठीं त्यानें पाश्चात्त्यांचा तीन-तीन मात्रांचा वॉल्ट्झ घेतला, ज्याचें चलन आपल्या दादऱ्याच्या कानाला परकें वाटत नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नें या खेळाची चाल जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादींत घातली, व्हिडिओ खेळाचें संगीत त्या यादींत जाण्याची ती पहिलीच वेळ. खुद्द जपानांत ही मान्यता पुष्कळ आधीं मिळाली होती. कोइची सुगियामा यांचें ‘ड्रॅगन क्वेस्ट’ खेळाचें संगीत २० ऑगस्ट १९८७ रोजीं तोक्योच्या सन्तोरी सभागृहांत वाद्यवृंदानें वाजविलें. २३ जुलै २०२१ रोजीं तोक्यो येथें ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनास सर्व राष्ट्रांचीं पथकें अशाच संगीतावर चालत आलीं. त्यांत आपलेंहि पथक होतें.

या संगीतावर दोन आक्षेप आम्ही स्वतः पूर्वीं घेत असूं, म्हणून त्यांचा समाचार घेण्याचा अधिकार आम्हांस आहे. पहिला आक्षेप असा कीं हा यंत्राचा आवाज, यांत माणसाचा गळा नाहीं. आकाशवाणीनें १९४० सालीं बाजाच्या पेटीवर बंदी घातली तेव्हां विद्वान लोक थोड्याफार फरकानें हेंच म्हणत होते: परकें यंत्र, ठोकळ सूर, मींड नाहीं. ती बंदी १९७१ सालीं अंशतः उठली, आणि मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रांतील एकहि भजनी मंडळ पेटीवांचून राहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा कीं तेंच तें आंखूड गाणें पुनः पुनः वाजतें व बुद्धि बधिर होते. हा आक्षेप आम्ही पुतण्यापुढें एकदां तावातावानें मांडीत होतों, आणि त्याच वेळीं देवघरांत मातोश्रींचे मनाचे श्लोक चालू होते. समर्थांचें जन्मगांव जांब आमच्याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. तेव्हां हा दाखला आम्हांस लांबून आणावा लागत नाहीं. २०५ श्लोक, सर्व भुजंगप्रयातांत, आणि चाल एक! चाल बदलत नाहीं म्हणूनच शब्द मनांत उतरतात. चालीकडे लक्ष द्यावें लागत नाहीं, आणि तरी ती जन्मभर निघत नाहीं. दोहोंची योग्यता एक आहे असें म्हणण्याइतके आम्ही भ्रमिष्ट नाहीं. पण आवर्तन हा दोष आहे असें म्हणणाऱ्यानें आधीं आपलें देवघर रिकामें करावें लागेल, एवढें मात्र खरें.

तथापि या इतिहासांत आम्हांस जें विशेष बोंचलें तें निराळेंच आहे. जालन्यांतील एकाहि मुलाला कोंदोचें नांव ठाऊक नव्हतें. नक्कल केलेल्या कॅसेटींतून मूळ कर्त्यांचीं नांवें बहुधा खोडलेलीं असत. खुद्द जपानांतहि त्या काळीं कंपन्या रचनाकारांना टोपणनांवांमागें दडवीत. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’ खेळाचें गंभीर व देखणें संगीत प्रामुख्यानें किनुयो यामाशिता या तरुणीनें केलें. खेळाच्या शेवटीं नांव झळकलें तें ‘जेम्स बनाना’ असें थट्टेचें आणि पुरुषाचें. पुढच्याच वर्षीं ‘रॉकमन’चें संगीत मानामी मात्सुमाए या दुसऱ्या तरुणीनें केलें, तीहि टोपणनांवानेंच पडद्यावर आली. कांहीं नकली कॅसेटींत खेळ निवडण्याच्या पडद्यावर समुद्रकिनारा दिसे आणि एक संथ, उदास चाल वाजे. ती ॲलेक्स नॉर्थ या अमेरिकन संगीतकारानें १९५५ च्या ‘अनचेन्ड’ चित्रपटासाठीं केलेली, जगभर गाइलेली चाल होती. एका अमेरिकन तुरुंगपटांतील गाणें, तें कोणी अनामिकानें जपानी यंत्राच्या नकलेवर बसविलेलें, आणि ऐकणारीं आमचीं मराठवाड्याचीं लेंकरें! कोणाला कोणाचा पत्ता नाहीं. जात्यावरच्या ओवीचा कर्ता कोण, हें आपण विचारीत नाहीं. परंतु येथें कर्ते हयात होते, आणि त्यांचीं नांवें पुसलीं गेलीं होतीं. हा फरक विसरून चालणार नाहीं.

आतां दिवाळीचा प्रसंग. पुतण्या हल्लीं पुण्यास असतो. तो आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आला होता. भाऊबीजेच्या सायंकाळीं त्यानें मुलाला दाखवावें म्हणून मोबाइलवर मूळ जपानी यंत्रावरून घेतलेलें मारिओचें संगीत लाविलें. दोन-चार क्षण ऐकलें आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “काका, हें घाईंत वाजतंय. आपलं असं नव्हतं.” आम्हीं तत्काळ विद्वत्तापूर्ण उत्तर दिलें. लहानपणींचें अंगण मोठें वाटतें, लहानपणींची दुपार लांब वाटते, तसेंच हें. स्मृति लय ताणते, संगीत आहे तेंच आहे. पुतण्या आमचा मान राखून गप्प बसला. त्याचें समाधान झालें नव्हतें हें दिसतच होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नव्हतें. पुढील पंधरवड्यांत आम्हीं या यंत्राच्या रचनेविषयीं मिळेल तें वाचून काढिलें. आमचें उत्तर साफ चुकलें होतें.

गोष्ट अशी आहे. जपान व अमेरिका येथील त्या काळची दूरचित्रवाणी पडद्यावर सेकंदाला सुमारें ६० वेळां चित्र रेखी. आपल्याकडील पद्धति ५० वेळांची. या यंत्रावरील बहुतेक खेळ आपली लय घड्याळावर मोजीत नाहींत, या चित्रांवर मोजतात: अमुक चित्रें झालीं कीं पुढचा स्वर. जपानांत ज्या ६० चित्रांना एक सेकंद लागे, त्यांना ५० च्या पद्धतीच्या पडद्यावर एक सेकंद व वर एक पंचमांश लागे. म्हणजे तोक्योंत एक मिनिट चालणारें आवर्तन आपल्याकडे ७२ सेकंद चाले. युरोपांत कंपनीनें अधिकृतपणें विकलेल्या यंत्रांत गतीबरोबर सूरहि खालीं उतरत. परंतु तैवानांत तयार झालेल्या ज्या चकत्या ५० च्या पद्धतीच्या नकली यंत्रांत बसविल्या जात, त्यांची घडण अशी होती कीं सूर जवळजवळ जागच्या जागीं राहत आणि लय तेवढी सैल पडे. शिवाय कित्येक नकली चकत्यांत चौकोनी लाटेच्या दोन आकारांची, पाव भागाच्या व निम्म्या भागाच्या, अदलाबदल झालेली असे. म्हणून जेथें आवाज धारदार असावयाचा तेथें तो पोकळ येई, आणि पोकळ असावयाचा तेथें धारदार. सूर तेच, लय विलंबित, आवाजाचा पोत निराळा. पुतण्याचे कान बरोबर होते. प्राध्यापकांचें मानसशास्त्र चुकलें होतें.

एकच बंदिश दोन घराण्यांत दोन लयींत गातात, त्याप्रमाणें यालाहि ‘आमचें घराणें’ म्हणावें असा मोह आम्हांस झाला, परंतु तो आवरला पाहिजे. घराणें म्हणजे बुद्धिपुरस्सर केलेली निवड. येथें निवड कोणी केली नव्हती. स्वस्त नक्कल व पडद्याची पद्धति यांच्या संयोगानें तें आपोआप घडलें. तरीसुद्धां ऐकणारे खरे होते. कोंदोनें जें कधीं योजिलें नव्हतें तें त्यांनीं रोज ऐकलें, त्यावर उड्या मारल्या, शाळेच्या वाटेवर तें शिट्टींत वाजविलें. त्या पिढीच्या कानांतील मूळ प्रत तीच. जुन्या पोथीच्या पाठभेदासाठीं आम्ही संशोधक मंडळी रात्री जागवितों. या पाठभेदाची दखल आजवर कोणी घेतली नाहीं, कारण तो पोथींत नाहीं, पन्नाशीकडे झुकूं लागलेल्या माणसांच्या कानांत आहे.

आणि आमच्या घरचा पाठ तर आतां मिळावयाचाच नाहीं. याचा दोष दुसऱ्या कोणाकडे नाहीं. पुतण्याच्या दहावीच्या वर्षीं ती पेटी आम्हींच कुलपांत घातली, परीक्षा झाल्यावर देण्याचें वचन देऊन. परीक्षा झाली, मुलगा पुढील शिक्षणास बाहेरगांवीं गेला, वचन कपाटांत राहिलें. २००५ सालीं घर रंगवावयास काढिलें तेव्हां आम्हीं ती जुन्या वर्तमानपत्रांबरोबर भंगारवाल्यास दिली. त्यानें ती काट्यावरहि घातली नाहीं. तारा तेवढ्या ओढून वेगळ्या केल्या. त्याच आठवड्यांत आम्हीं वर्गावर ‘जुनीं दप्तरें रद्दींत जाऊं देऊं नका’ या विषयावर तासभर व्याख्यान दिलें होतें. पुतण्यानें मागाहून कळविलें कीं संगणकावर ५० च्या गतीनें तो खेळ चालविण्याची युक्ति आहे, आणि त्यानें ती करूनहि पाहिली. लय बरोबर आली, असें तो म्हणाला. पोत मात्र जमेना. कारण आमच्या पेटींत कोणती चकती होती, हें त्याला सांगणार कोण?

भाऊबीजेच्या सायंकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुतण्यानें मोबाइल लाविला तेव्हां मातोश्री आंत पाटावर बसून निवडणें करीत होत्या. वय ८३, ऐकूं अंमळ कमी येतें. आम्ही बाहेर स्मृतीचें तत्त्वज्ञान सांगत होतों, आणि मोबाइलवर ती चाल आपल्या जन्मजात जपानी गतीनें धांवत होती. आंतून सूप बाजूस ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा: “अरे, वेळ संपत आली वाटतं त्याची. चला, पानं घ्या.”